अ‍ॅम्प्लिफायरचा गेन आणि घरातला स्वच्छ आवाज: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, चिपळूण, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा गावांतून होम थिएटरबद्दल जे प्रश्न येत राहतात, त्यांत सर्वांत जास्त गोंधळ गेनच्या बटणाचा असतो. शहरातल्या बंद फ्लॅटसाठी दिलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. इथे कौलारू छप्पर आहे, खारा वारा आहे आणि संध्याकाळी पडणारं व्होल्टेजही आहे. ते सगळं धरून ही उत्तरं लिहिली आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे. एकदा सांगितलेलं पुन्हा न सांगता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गेन वाढवला की आवाज वाढतो. मग गेन आणि व्हॉल्यूम यांत फरक काय?

आवाज वाढतो हे खरं, पण ते गेनचं काम नव्हे. आत्ता किती मोठ्याने ऐकायचं ते व्हॉल्यूम ठरवतो. आधीच्या यंत्राकडून किती व्होल्ट आले म्हणजे अ‍ॅम्पने आपली पूर्ण ताकद द्यायची, ते गेन ठरवतो. २९ डेसिबल गेन असलेल्या अ‍ॅम्पला १ व्होल्ट दिला तर तो सुमारे २८.३ व्होल्ट बाहेर काढतो आणि ८ ओहमच्या स्पीकरवर त्याचे १०० वॅट होतात. गेन आणखी ६ डेसिबल वाढवला तर तेच १०० वॅट अर्ध्या व्होल्टवर मिळतील. शंभराचे दीडशे मात्र होणार नाहीत, कारण ताकद पॉवर सप्लाय आणि आउटपुट ट्रान्झिस्टरवर ठरते, बटणावर नाही. गेन एकदा नीट लावायचा आणि सोडून द्यायचा. रोजचा हात व्हॉल्यूमला.

२. माझ्या एव्हीआरला (टीव्ही-बॉक्सचा सिग्नल घेऊन सगळे स्पीकर चालवणाऱ्या पेटीला) गेनचं बटणच नाही. मग हे सगळं माझ्यासाठी आहे का?

एव्हीआरच्या आतल्या अ‍ॅम्पचा गेन कारखान्यातच ठरलेला असतो. तुमच्या हातात असते ती प्रत्येक चॅनेलची लेव्हल, म्हणजे ट्रिम. पण सबवूफर (फक्त खालचे सूर, म्हणजे बास वाजवणारा स्पीकर) स्वतःच्या अ‍ॅम्पचा असेल, तर त्याच्या मागे गेनचं बटण असतंच. त्यावर ‘लेव्हल’ किंवा ‘व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं असलं तरी ते गेनच. तेव्हा तुम्ही थेट प्रश्न ७ पाहा. एव्हीआरच्या प्रीआउटमधून, म्हणजे बाहेरच्या यंत्राला सिग्नल देणाऱ्या सॉकेटमधून, वेगळा पॉवर अ‍ॅम्प जोडलेल्यांनी मात्र सगळं वाचावं.

३. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि एव्हीआर, तिन्हीकडे व्हॉल्यूम आहे. कुठला वाढवू?

सिग्नल जिथून निघतो तिथे तो भरपूर असू द्या. बॉक्स एचडीएमआयने किंवा ऑप्टिकल वायरीने जोडला असेल तर त्याचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त फक्त एव्हीआरवर करा. उगमाशी आवाज बारीक ठेवून पुढे वाढवला की सिग्नलसोबत वाटेतली खरखरही वाढते. बऱ्याच घरांत ‘गेन कमी पडतो’ अशी तक्रार असते आणि कारण फक्त बॉक्सचा अर्ध्यावर राहिलेला व्हॉल्यूम असतो. अपवाद एकच: मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून वायर काढली असेल तर तिथे शेवटपर्यंत जाऊ नका. काही यंत्रांत तो छोटा अ‍ॅम्प टोकाला स्वतःच फाटतो. थोडा अलीकडे ठेवा.

४. गेन जास्त राहिला तर नेमकं बिघडतं काय?

दोन गोष्टी. पहिली साधी: काहीच चालू नसताना ट्वीटरमधून (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरमधून) ‘स्स्स’ असा आवाज येत राहतो. गावात रात्री दहानंतर इतकी शांतता असते की तो खोलीभर जाणवतो.

दुसरी गंभीर आहे. अ‍ॅम्पला त्याच्या पॉवर सप्लायपेक्षा जास्त व्होल्ट काढता येत नाहीत. तरी मागणी आली की लाटेचा माथा विळीने कापल्यासारखा सपाट होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. सपाट माथ्याच्या लाटेत मूळ आवाजात नसलेले वरचे सूर तयार होतात, ते ट्वीटरकडे जातात आणि त्याची नाजूक कॉइल तापते. लाट जितकी चौकोनी होत जाते तितकी सरासरी वॅटही वाढते, म्हणून सबवूफरची कॉइलही जळू शकते. ‘माझा अ‍ॅम्प ५० वॅटचा आणि स्पीकर १०० वॅटचे, मग ट्वीटर कसा गेला?’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

५. हातात कुठलाही मीटर नाही. कानाने गेन लावता येतो का?

येतो, आणि घरगुती वापराला तो पुरेसा नेमका येतो. अट एवढीच की घाई करायची नाही.

अ‍ॅम्पचा गेन पूर्ण कमी करा. एव्हीआरमधले बास-ट्रेबल शून्यावर आणा, ‘लाउडनेस’सारखे सगळे मोड बंद करा. तुमच्या चांगल्या ओळखीचं, स्वच्छ ध्वनिमुद्रण लावा. मी तबला आणि बाईचा आवाज एकत्र असलेलं निवडायला सांगतो, कारण चाटीची थाप आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं फाटली की लगेच कळतात. आता एव्हीआरचा व्हॉल्यूम तुम्ही आयुष्यात जास्तीत जास्त जिथे न्याल तिथे न्या. स्पीकरमधून अजून आवाज नाही, कारण गेन खाली आहे. मग गेन सावकाश वाढवत जा. थापेची धार बोथट वाटायला लागली, आवाज वाढण्याऐवजी चिरका होऊ लागला किंवा क्लिपचा लाल दिवा लुकलुकला, की थांबा आणि तिथून मागे या. फाटण्याच्या जरा अलीकडे नव्हे, चांगलं अलीकडे. चित्रपटातले स्फोट गाण्यापेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यांच्यासाठी जागा राहायला हवी.

त्याआधीच खोलीत पुरेसा आवाज झाला असेल तर तिथेच थांबा. गेन जितक्या कमीवर भागेल तितका चांगला, हे माझं ठाम मत आहे.

६. माझ्याकडे मल्टिमीटर आहे. आकडे धरून गेन कसा लावायचा?

आधी लक्ष्य काढा. वॅटला ओहमने गुणा आणि वर्गमूळ घ्या, तेवढे व्होल्ट. ५० वॅट, ८ ओहम असेल तर २० व्होल्ट. १०० वॅट, ८ ओहम असेल तर २८.३. १०० वॅट, ४ ओहम असेल तर पुन्हा २०. वॅट मात्र आरएमएसचे, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचे, धरा. खोक्यावर छापलेले पीएमपीओचे हजारो वॅट या हिशोबात कामाचे नाहीत.

आलेल्या आकड्याला ०.९ ने गुणा. स्पीकर न जोडता मोजताना अ‍ॅम्पवर भार नसतो, त्यामुळे तो खऱ्या कामापेक्षा जरा जास्त व्होल्ट स्वच्छ काढून दाखवतो. ही सूट त्यासाठी. म्हणजे २८.३ ऐवजी साधारण २५.५.

आता सगळं बंद करून स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पपासून काढा. गेन शून्यावर ठेवा, मीटर एसी व्होल्टवर लावा आणि अ‍ॅम्पच्या लाल-काळ्या टर्मिनलला जोडा. पूर्ण पातळीचा, म्हणजे शून्य डेसिबलवर ध्वनिमुद्रित केलेला साइन टोन लावा. एव्हीआरचा व्हॉल्यूम तुमच्या कमाल जागेवर (प्रश्न ९) न्या आणि लक्ष्याचा आकडा दिसेपर्यंत गेन वाढवा. झालं. गेन पुन्हा खाली न आणता टोन बंद करा, अ‍ॅम्प बंद करा आणि मग स्पीकर जोडा. हा टोन स्पीकर लावून कधीही वाजवू नका.

टोन कुठला, इथे पुष्कळ जण अडतात. साधे मीटर ५० हर्ट्झच्या आसपास खरे आकडे दाखवतात, म्हणून ५० हर्ट्झचा टोन सुचवला जातो. पण एव्हीआरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे वळवले जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर असेल तर तो टोन पुढच्या स्पीकरकडे फारसा जाणारच नाही, तो सबकडे वळेल. मीटरवर जेमतेम काही दिसतं, म्हणून माणूस गेन टोकाला नेतो. मोजताना ‘डायरेक्ट’ मोड लावा किंवा एव्हीआरच्या सेटिंगमध्ये ते स्पीकर तात्पुरते ‘लार्ज’ करा, म्हणजे खालचे सूरही त्यांच्याकडेच जातील. तुमच्या मीटरच्या पुस्तिकेत ४०० हर्ट्झपर्यंतची हमी असेल तर १०० ते ४०० हर्ट्झमधला टोन घ्या.

तीन सूचना पाळाच. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालवू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ब्रिज केलेल्या (दोन चॅनेल जोडून एक केलेल्या) आणि बऱ्याच क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये काळं टर्मिनलही जिवंत असतं, ते पेटीच्या पत्र्याला लावू नका. आणि मीटरच्या दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका.

गेन पूर्ण वाढवूनही लक्ष्य गाठलं नाही तर काही बिघडलेलं नाही. तुमच्या एव्हीआरचा प्रीआउट तेवढे व्होल्ट देत नाही, इतकंच. तिथून मागे या आणि कानाला पुरतंय का ते बघा.

७. सबवूफरच्या मागचं बटण किती ठेवायचं?

सुरुवात मधोमध, खरं तर मध्याच्या किंचित अलीकडे. बाजूच्या क्रॉसओव्हरच्या बटणाला टोकाला न्या किंवा ‘एलएफई’वर (बासच्या वेगळ्या चॅनेलच्या खुणेवर) ठेवा, कारण गाळण्याचं काम एव्हीआर करतोय. ते दोनदा झालं तर बासमध्ये खड्डा पडतो. एव्हीआरमध्ये ८० हर्ट्झ ही बहुतेक घरांना चालणारी जागा.

मग ऑटो कॅलिब्रेशन (माइक लावून एव्हीआरला आपोआप मोजणी करू देणं) करा आणि सबसाठी एव्हीआरने कुठली ट्रिम लावली ते उघडून बघा. उणे ३ ते उणे ८ च्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे १२ सारख्या अगदी टोकाला असेल तर सबचा गेन जास्त आहे, एव्हीआरला आणखी खाली जायला जागा उरलेली नाही आणि ती मोजणी विश्वासाची नाही. ट्रिम अधिकमध्ये गेली असेल तर उलट: सबचा गेन कमी आहे, एव्हीआर ओढून ताणून सिग्नल देतोय आणि मोठ्या प्रसंगात त्याचा प्रीआउटच फाटू शकतो. सबचं बटण थोडं फिरवा, पुन्हा मोजा.

‘सब मध्येच झोपतो, जागा होत नाही’ ही तक्रारही इथूनच येते. सबचा गेन जास्त आणि एव्हीआरची ट्रिम फार खाली असली की वायरीतून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की सबच्या आपोआप चालू होण्याच्या ‘ऑटो’ सोयीला तो जाणवत नाही. गेन कमी करून ट्रिम वर आणली की सब वेळेवर उठतो.

कौलारू घरात बास कमी वाटतो तो भास नाही. कौलांच्या फटींतून आणि उघड्या माळ्यातून खालचे सूर बाहेर जातात, स्लॅबच्या खोलीसारखे कोंडून राहत नाहीत. त्यावर गेन हा उपाय नव्हे. सब जांभ्याच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात सरकवा, फरक लगेच ऐकू येईल. आणि जागा बदलली की कॅलिब्रेशन नव्याने करा.

८. ऑडिसी किंवा वायपाओ (एव्हीआरमधलं ऑटो कॅलिब्रेशन) लावलं आहे. ते गेन आपोआप लावत नाही का?

नाही. ते एव्हीआरच्या आतली ट्रिम, अंतर आणि इक्वलायझर लावतं. बाहेरच्या अ‍ॅम्पचं बटण त्याला फिरवता येत नाही. म्हणून क्रम असा: आधी गेन, मग कॅलिब्रेशन. नंतर गेनला हात लावला की केलेलं कॅलिब्रेशन वाया. कॅलिब्रेशन करताना पंखा, फ्रिज आणि शक्य असेल तर पाण्याचा पंपही बंद ठेवा.

९. एव्हीआरचा व्हॉल्यूम कुठपर्यंत नेणं बरोबर?

कॅलिब्रेशन नीट झालं असेल तर व्हॉल्यूम ‘० डेसिबल’ म्हणजे चित्रपटगृहाची प्रमाण पातळी. त्या पातळीला प्रत्येक मुख्य चॅनेलचा सर्वांत मोठा क्षण १०५ डेसिबलपर्यंत आणि एलएफईचा ११५ पर्यंत जातो. घरात हे फार होतं. बहुतेकांना उणे १५ ते उणे २५ पुरतं. डेनॉनसारख्या काही यंत्रांवर ० ते ९८ असे आकडे दिसतात, तिथे ८० म्हणजे हीच शून्य डेसिबल. प्रश्न ५ आणि ६ मधली ‘कमाल जागा’ ठरवताना म्हणून उणे १० किंवा उणे ५ धरा. ९८ धरून गेन लावू नका.

१०. पुढचे स्पीकर वेगळ्या अ‍ॅम्पवर, मागचे एव्हीआरवर. दोन्हींचा गेन सारखा हवा का?

अगदी सारखा नको, जवळपास हवा. थोडा फरक ट्रिम भरून काढते. कॅलिब्रेशननंतर पुढच्या आणि मागच्या ट्रिममध्ये आठ-दहा डेसिबलची दरी दिसली तर बाहेरच्या अ‍ॅम्पचा गेन बदला: पुढची ट्रिम फार खाली असेल तर कमी करा, फार वर असेल तर वाढवा. बटण नसलेल्या अ‍ॅम्पला गेन बहुधा २६ ते ३२ डेसिबलच्या आसपास असतो, तिथे काळजीचं कारण नाही. डाव्या-उजव्याला वेगळी बटणं असतील तर दोन्ही सारखी ठेवा. दोन्हींची खूण सारखी असूनही एक बाजू बारीक वाटली, तर गेन वाढवण्याआधी प्रश्न १४ वाचा.

११. मंडळाचा भजनाचा अ‍ॅम्प पडून आहे. तो होम थिएटरला जोडला तर आवाज फाटतो. का?

बहुतेक वेळा वायर माइकच्या सॉकेटमध्ये घातलेली असते. माइक काही मिलिव्होल्ट देतो आणि एव्हीआरचा प्रीआउट व्होल्टच्या मापात देतो. माइकच्या सॉकेटमध्ये सिग्नल पहिल्याच पायरीला फाटतो, पुढची बटणं कितीही खाली ठेवा. ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ला जोडा. स्पीकर जोडताना ७० किंवा १०० व्होल्टचं टर्मिनल टाळा, ते कर्ण्यांच्या लांब लाइनसाठी असतं. घरच्या स्पीकरला ४ किंवा ८ ओहमचंच.

स्टेजचे मोठे पॉवर अ‍ॅम्प असतील तर मागे संवेदनशीलतेचा खटका असतो का ते बघा. ०.७७५ आणि १.४ व्होल्ट असे पर्याय असल्यास १.४ निवडा, म्हणजे गेन कमी होतो आणि ‘स्स्स’ही. पंख्याचा आवाज मात्र जाणार नाही. संवाद ऐकण्याच्या खोलीत असे अ‍ॅम्प ठेवू नयेत असं मला वाटतं.

१२. गेन कमी केला तरी ‘हूं’ असा गुणगुणाट येतोच. काय करू?

गेन पूर्ण शून्यावर न्या. गुणगुणाट तसाच राहिला तर तो अ‍ॅम्पच्या आतला आहे, मेकॅनिककडे न्या. गेनबरोबर कमी झाला तर तो वायरींतून येतोय, आणि बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे यंत्रांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलंय. एकेक वायर काढून बघा. पहिला संशय केबल टीव्हीच्या वायरीवर घ्या, ती काढताच शांत झालं तर तिथे आयसोलेटर (ती अर्थिंगची जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे नेणारा जोड) लावा. डिशच्या वायरीला मात्र साधा आयसोलेटर चालत नाही, कारण त्याच वायरीतून छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज जाते. तिथे टीव्ही, बॉक्स, एव्हीआर आणि सब एकाच बोर्डावर घेऊन बघा.

अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्याच्या जमिनीतलं पाणी लवकर निचरून जातं, शिमग्यानंतर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. गुणगुण थांबते म्हणून प्लगची अर्थ पिन कापणारे आहेत. ते कृपा करून करू नका, पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच आवाज येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याला गेनने उत्तर नाही, प्युअर साइनचा लागतो.

१३. संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि आवाज दबतो. तेव्हा गेन वाढवू?

उलट करा. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये आतलं व्होल्टेज घरातल्या व्होल्टेजबरोबर खाली येतं. २३० चे १८० झाले तर व्होल्ट ७८ टक्के उरतात. पण ताकद वर्गाने घटते, म्हणून १०० वॅटचा अ‍ॅम्प जेमतेम ६१ वॅटचा राहतो. दुपारी स्वच्छ वाजणारा प्रसंग रात्री फाटतो तो यामुळे. गेन वाढवलात तर आणखी लवकर फाटेल.

तुमच्याकडे हे रोजचं असेल तर प्रश्न ६ मधलं लक्ष्य त्याच प्रमाणात कमी करा: २५.५ ऐवजी २०. किंवा कानाने लावत असाल तर दुपारी न लावता, तुम्ही खरोखर चित्रपट बघता त्या वेळी लावा. घरातलं व्होल्टेज स्टॅबिलायझरच्या आकड्यावर बघा, त्यासाठी प्लगमध्ये मीटर घालू नका. चांगला स्टॅबिलायझर हा खरा उपाय. स्विचिंग सप्लायच्या काही अ‍ॅम्पना हा त्रास फारसा होत नाही.

१४. पावसाळ्यात गेनचं बटण फिरवलं की खर्र-खर्र होतं. अ‍ॅम्प गेला का?

बहुधा नाही. खाऱ्या दमट हवेने आतल्या पट्टीवर थर धरतो. वीज काढून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत बरेचदा फिरवा. पुरलं नाही तर इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर वापरा. खोबरेल तेल किंवा रॉकेल नको. हात न लावताही खरखर चालू राहिली तर दोष दुसरीकडे आहे, उघडून घ्यावा लागेल.

आरसीए वायरींची (यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या लाल-पांढऱ्या वायरींची) टोकंही काढून बघा. किनाऱ्याजवळच्या घरांत त्यांवर हिरवट गंज चढतो, एक बाजू बारीक होते आणि लोक गेन वाढवून तो फरक भरतात. पुसून, घट्ट बसवून मग ऐका. पावसाच्या दिवसांत अ‍ॅम्प रोज थोडा वेळ चालू ठेवला तर आतला ओलावा जातो.

साफसफाईच्या आधी बटणाच्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

१५. पाऊस पत्र्यावर कोसळत असतो, संवाद ऐकू येत नाहीत. गेन वाढवणं योग्य?

नाही. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, त्याची ट्रिम २-३ डेसिबल वाढवा. शिवाय एव्हीआरमधला ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ची सोय चालू करा. बारीक आवाज वर येतात, स्फोट खाली जातात. पाऊस थांबला की दोन्ही पूर्ववत.

१६. ८ ओहमचे काढून ४ ओहमचे स्पीकर लावले. गेन बदलू का?

गेन व्होल्टवर चालतो, तो स्पीकर बदलल्याने बदलत नाही. पण तेवढ्याच व्होल्टला करंट दुप्पट जातो आणि अ‍ॅम्प जास्त तापतो. अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत ४ ओहमला किती वॅट दिलेत ते बघून प्रश्न ६ चा हिशोब नव्याने करा. तिथे ४ ओहमचा उल्लेखच नसेल तर ते स्पीकर त्यावर लावू नका. आणि वैशाख असो वा नसो, अ‍ॅम्प काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवू नका.

१७. गणपतीत तोच संच अंगणात काढतो. तिथे आवाज पुरत नाही, गेन पूर्ण केला तर?

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो आणि परत फेकायला भिंती नसतात. ते ६ डेसिबल भरून काढायला चौपट वॅट लागतात. तुमच्या अ‍ॅम्पकडे ते नाहीत, म्हणून गेन पूर्ण केल्यावर मिळेल ते फक्त क्लिपिंग. चाकरमानी आले, घर भरलं, आरतीला सगळ्यांना ऐकू जायला हवं, हे अगदी रास्त आहे. मग स्पीकर माणसांच्या जवळ आणा, ओटीच्या भिंतीला पाठ लावून ठेवा, सबची लेव्हल कमी करा म्हणजे मुख्य आवाजाला मोकळीक मिळेल. अंगण मोठं असेल तर त्या दिवसांपुरता मंडळाचा पीए संच घ्या, तो याच कामासाठी बनवलेला असतो. तुमचा संच पावसाच्या झडीपासून लांब ठेवा आणि आत नेल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्या.